पारुबाईचा प्रश्न

मित्रांनो, मी लाकूड, काच आणि हिरवे कापड यांचा बनलेला आहे. लोक मला नोटीस बोर्ड म्हणतात. मला नऊ वर्षे झाली. नोटीस बोर्डाला नऊ वर्षे म्हणजे म्हातारपणच. माझ्या कापडाला इतकी भोके पडली आहेत की आता टाचणी धरत नाही. पण मला सांगायचे आहे ते माझ्याबद्दल कमी आणि एका बाईबद्दल जास्त आहे.

शिरड शहापूरच्या चाँद पाशा मिस्त्रींनी मला बनवले. सागवानी चौकट, आत मऊ फळी, तिच्यावर कापड, पुढे सरकती काच आणि काचेला लहानसे कुलूप. काम संपल्यावर त्यांनी माझ्या चौकटीवरून चारी बाजूंनी उघडा तळहात फिरवला. एका कोपऱ्यात कुसळ लागले. त्यांनी परत पॉलिश पेपर घेतला. "लेकरं हात लावतेत इथं," एवढेच म्हणाले.

तिथून मी टेम्पोत बसून वारंगा फाट्याजवळच्या एका कॉलेजात आलो. पहिल्या मजल्यावर सेमिनार हॉलच्या दाराशेजारी मला टांगले. त्या वर्षी तिथे नवा विभाग सुरू झाला होता. चिकित्सक आणि सर्जनशील विचार, या विषयात दोन वर्षांचे एम. ए. फाट्यावर लोकांना त्याचे नवल वाटे. एक चहावाला कॉलेजात चहा घेऊन येई. त्याने माझ्यावरची प्रवेशाची सूचना वाचली आणि म्हणाला, "इचार करायला दोन वर्सं लागतेत व्हय? आमची बायको दोन मिनिटांत करायला लावती."

विभागप्रमुख होते अनिरुद्ध सर. माणूस वाईट नव्हता. हे मी आधीच सांगतो, कारण पुढे तुम्हाला तसे वाटेल. त्यांनी एक नियम केला होता. माझ्यावर लागणाऱ्या प्रत्येक सूचनेखाली एक कोरी पट्टी लावायची. सूचना वाचून ज्याला प्रश्न पडेल त्याने तो पट्टीवर लिहायचा. विभागाने आठ दिवसांत त्याचे उत्तर द्यायचे. उत्तर मिळाल्याशिवाय पट्टी काढायची नाही.

पोरांना यात फार मजा येई. राष्ट्रीय चर्चासत्राची सूचना लागली की कोणी लिही, "राष्ट्रीय म्हणजे परराज्यातून कोण येणार?" खाली सरांचे उत्तर असे, "आदिलाबादचे एक पाहुणे. बस वेळेवर आली तर." शंभर टक्के हजेरीच्या सूचनेखाली एकाने लिहिले होते, "नव्व्याण्णव चालतील का? मी घासाघीस करतो आहे." सर स्वतः हसले होते. कॉलेजला भेट द्यायला येणारे लोक माझ्यासमोर उभे राहून फोटो काढत. ते माझे चांगले दिवस होते.

माझ्या कुलपाची किल्ली लखमाकडे असे. कोणाला पट्टीवर लिहायचे असले की तो काच उघडून देई. लखमा त्या विभागाचा शिपाई. त्याची बायको पारुबाई झाडलोट करी. ती सकाळी सातला येई आणि दहाला जाई. उन्हाळ्यात हॉलमधल्या कूलरमध्ये पाणी भरण्याचे कामही तिचेच होते.

हॉलमध्ये जाताना ती चपला माझ्याखाली काढून ठेवी. तिला तसे कोणी सांगितले नव्हते. ती म्हणे, जिथे लेकरे शिकतात तिथे चपला घालून जायचे नसते. लेकरे स्वतः बूट घालूनच जात.

ओल्या कागदाने ती माझी काच पुसे. पुसताना माझ्याशीच बोले, "काय रं बाबा, रोज एवढी धूळ कुठून खातो?" तिला वाचता येत नव्हते. काम आटोपले की ती लखमाला विचारी, "आज काय लावलंय?" मग लखमा एकेक सूचना वाचून दाखवी. कोणते व्याख्यान कधी आहे, कोणाचा निबंध पहिला आला, परीक्षेचा फॉर्म कधीपर्यंत भरायचा. हे सगळे ती लक्ष देऊन ऐके. खालच्या पट्टीवरचे प्रश्नही ती वाचून घेई. काही प्रश्नांना हसे. काही प्रश्नांना म्हणे, "हे पोरगं रिकामं दिसतंय."

यंदाच्या एप्रिलमध्ये एके सकाळी पारुबाई हॉलमधून हात झटकत बाहेर आली. समरीन नावाची मुलगी तेव्हा माझ्यासमोर उभी होती. ती कळमनुरीहून पहिल्या बसने येई. विभागातली सगळ्यांत हुशार मुलगी तीच.

"माय, मला एक प्रश्न लिहून देती का?" पारुबाई म्हणाली.

"कसला प्रश्न, मावशी?"

"कूलरला करंट येऊन राहिला. पाणी टाकताना हाताला चावतं. चार दिवस झाले, मी पिन काढूनच पाणी भरते. कोण बघणार, एवढंच लिही."

"लखमामामांना सांगितलं का?"

"त्यांनी हापिसात सांगितलं. हापिसवाले म्हणले, लेखी द्या. मग म्हणलं इथंच द्यावं. इथलं उत्तर आठ दिवसांत येतं ना?"

समरीनने एका सूचनेखालच्या पट्टीवर सुंदर अक्षरात लिहिले. कूलरला करंट येतो. कोण बघणार? खाली पारुबाईचे नाव. नऊ वर्षांत पाणी भरणाऱ्या बाईने माझ्यावर प्रश्न विचारला तो पहिल्यांदाच.

सरांना तो प्रश्न फार आवडला. खरा प्रश्न आला, असे ते वर्गात म्हणाले. दुसऱ्या दिवशी माझ्यावर सूचना लागली. "प्रात्यक्षिक. बुधवार, सकाळी अकरा. विषय : कूलरला करंट येतो का? ऐकीव माहिती, अनुभव आणि पुरावा यांतील फरक."

बुधवारी अकराला सगळे जमले. हॉलचे दार उघडे होते, त्यामुळे मला सगळे दिसले. सर म्हणाले, निरीक्षण स्वच्छ हवे, आजूबाजूला काही गोंधळ नको. म्हणून पोरांनी कूलरजवळची ओली फरशी पुसून कोरडी केली. मग कूलर सुरू केला. सात जणांनी एकेक करून पत्र्याला हात लावला. एक जण म्हणाला, "मी मेलो तर माझी हजेरी लावा." सगळे हसले. कोणाला काही झाले नाही. शेवटी सरांनीही हात लावला. समरीनने वहीत नोंद केली.

सगळ्यांच्या पायांत रबरी तळाचे बूट आणि सँडल होते.

मित्रांनो, मी त्याच दाराशेजारी टांगलेलो होतो. रोज सकाळी सात ते दहा त्या बाईच्या चपला माझ्याखाली असतात हे मला माहीत होते. ती ओल्या फरशीवर अनवाणी उभी राहते हे मला माहीत होते. मला बोलता येत नाही. पण तिला बोलता येत होते. ती दहाला घरी गेली होती आणि तिला थांबायला कोणी सांगितले नव्हते.

गुरुवारी माझ्यावर निष्कर्ष लागला. "आठ जणांनी तपासले. करंट नाही. शंका निराधार. गृहपाठ : पारुबाईंना असे का वाटले असावे, याची पाच कारणे लिहा." नियमाप्रमाणे प्रश्नाला उत्तर मिळाले होते. म्हणून पट्टी काढून टाकली.

पोरांनी कारणे लिहिली. मनातली भीती. ऐकलेल्या गोष्टी. वय. कामाचा थकवा. समरीनने लिहिले होते की गार पाण्याने हाताला मुंग्या येतात आणि माणसाला तो झटका वाटतो. सरांनी तिचा कागद सर्वोत्तम म्हणून माझ्यावर लावला.

शुक्रवारी पारुबाईने विचारले, "काय लिहिलंय?"

"करंट न्हाई म्हणून लिहिलंय," लखमा म्हणाला. "आठ जणांनी हात लावून बघितला."

"मग मला काहून चावतं?"

"तुझ्या मनात भीती बसली म्हणतेत."

"मनात बसली अन् झटका कोपरापोतर येतो व्हय?" ती हसत म्हणाली. "मला बोलवायचं तरी. मी दावलं असतं."

"पारू, शिकलेली माणसं हायेत ती. दिवसभर इचारच करतेत. आपल्याला काय कळतं?"

ती थोडा वेळ माझ्याकडे बघत राहिली. वाचता येत नसलेला माणूस कागदाकडे बघतो तशी. मग म्हणाली, "बरं." आणि बादली उचलून गेली.

सोमवारी चर्चासत्र होते. शनिवारी लखमानेच माझ्यावर सूचना लावली होती. पाहुणे साडेनऊला येतील. हॉल थंड राहावा म्हणून कूलर आठपासून सतत चालू ठेवावा. पाणी भरतानाही बंद करू नये. त्याने ती तिला वाचून दाखवली होती.

सोमवारी सकाळी लखमा खाली फाटकावर बॅनर बांधत होता. पारुबाईने चपला काढल्या आणि पहिली बादली नेली. दुसरी नेली. तिसरी बादली पडल्याचा आवाज आला. त्यानंतर कूलरच्या पंख्याशिवाय कसलाच आवाज आला नाही.

पहिल्या बसने आलेली समरीन जिन्यावर होती. ती दारापर्यंत आली आणि तिने लखमाला हाक मारली. लखमा धावत वर आला. त्याने पारुबाईला धरले आणि दुसऱ्या हाताने कूलर मागे ढकलला. मग पिन ओढून काढली. त्याच्या पायांत कॉलेजने दिलेले काळे रबरी बूट होते. त्याला काही झाले नाही.

रिक्षातून तिला दवाखान्यात नेले. ती आधीच गेली होती.

सगळे खाली गेल्यावर समरीन एकटी माझ्यासमोर उभी होती. तिने खाली ठेवलेल्या चपलांकडे पाहिले. मग आपल्या पायांकडे पाहिले. मग ती भिंतीला टेकून खाली बसली.

दुपारी फाट्यावरचा फहीम वायरमन आला. त्याने पिन उघडली, टेस्टर लावला. "अर्थिंगची वायर तुटलेली है. आतली वायर पत्र्याला घासून राहिली," तो म्हणाला. "एवढंच होतं. दहा मिनिटांचं काम. मला फोन का केला न्हाई?" सर तिथेच होते.

संध्याकाळी माझ्यावर कागद लागला. "विभागातील कर्मचारी पारुबाई यांचे दुःखद निधन. चर्चासत्र पुढे ढकलले आहे. नवी तारीख लवकरच कळवू." तिचे मरण आणि चर्चासत्राची तारीख एकाच कागदावर होती.

पंधरा दिवसांनी लखमा कामावर परत आला. निष्कर्षाचा कागद अजून माझ्यावर होता. शंका निराधार. लखमा रोज त्याच्यासमोरून जाई. एके दिवशी सर म्हणाले, "लखमा, तो कागद काढायचा आहे. कुलूप उघड."

लखमाने कुलूप उघडले, पण काचेवर हात ठेवला. "काढू नका, सर. त्याच्या खाली लिहा."

"काय लिहू?"

"तिचं खरं होतं, एवढं लिहा. गावात लोक म्हणून राहिले, तिनं येंधळ्यासारखं केलं. ती येंधळी नव्हती. तिनं आधी सांगितलं होतं. तुमच्या बोर्डावर सांगितलं होतं."

सरांचे डोळे भरले होते. ते म्हणाले, "संस्थेचं पत्र आलंय. याबद्दल विभागानं लेखी काही लावायचं नाही." आणि त्यांनी कागद काढून घडी करून खिशात घातला. लखमाने कुलूप लावले. मला वाटते, त्या दिवशी तिला दुसऱ्यांदा खोटे ठरवले.

तीन दिवसांनी समरीन आली. तिने विचारले, "मामा, कुलूप उघडता का?" तिच्या हातात एक कागद होता. लखमाने तो एकेक अक्षर लावत वाचला.

"आमचा निष्कर्ष चूक होता. पारुबाईंचे खरे होते. आम्ही बूट घालून तपासले. ज्यांना झटका बसत होता त्यांना आम्ही बोलावले नाही. मी नोंद केली होती. समरीन."

"तुला तकलीफ देतील, पोरी," लखमा म्हणाला.

"देऊ द्या."

त्याने कुलूप उघडले. तिने कागद लावला. नियमाप्रमाणे खाली कोरी पट्टीही लावली. त्या पट्टीवर शेवटपर्यंत कोणी काही लिहिले नाही.

सरांनी कागद वाचला. मग म्हणाले, "लखमा, किल्ली?"

"सापडून न्हाई राहिली, सर."

"शोध."

"शोधतो."

सरांनी परत विचारले नाही. पण संस्थेच्या माणसांनी किल्लीची वाट पाहिली नाही. जूनमध्ये दोघे आले आणि मला खिळ्यांसकट भिंतीवरून उतरवून घेऊन गेले. आता मी जिन्याखालच्या खोलीत आहे. शेजारी मोडकी बाके आणि खडूंची खोकी आहेत. माझ्या जागी टीव्हीसारखा पडदा लावला आहे. नव्या वर्षाचे प्रवेश सुरू झाल्याची सूचना त्याच्यावर सरकते असे ऐकतो. त्याच्याखाली पट्टी नाही. पाणी भरायला आता जमनाबाई येते.

समरीनचा कागद अजून माझ्या आत आहे. मला भिंतीकडे तोंड करून ठेवले आहे, म्हणून तो कोणाला दिसत नाही. लखमा कधी झाडू न्यायला येतो. थोडा वेळ खोक्यावर बसतो आणि जातो. घरी गेला तरी तिथे कोण आहे?

मित्रांनो, मला पुसा, मला परत टांगा, असे मी म्हणणार नाही. माझे दिवस सरले. तुमच्या शाळेत, तुमच्या घरी कोणी झाडते, कोणी पाणी भरते. ती बाई म्हणाली की इथे मला चावते, तर तुम्हाला चावत नाही हे तिला सांगू नका. तिला का वाटले असेल याची कारणे लिहू नका. तिला बोलवा. ती कुठे आणि कशी उभी राहते ते बघा. आणि वायरमनला फोन करा. त्याला दहा मिनिटे लागतात.