चुंबकाच्या बोल्टची साक्ष

मित्रांनो, मी मोटारसायकलचा एक जुना बोल्ट आहे आणि माझा कुणावरही पटकन विश्वास बसत नाही. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. इंजिनाच्या अगदी तळाला ऑइल सोडायचं भोक असतं, ते मी बंद करतो. तुम्ही गाडीवर बसता, हॅन्डल धरता, आरशात केस सारखे करता. पण वाकून मला कुणी बघत नाही. साध्या बोल्टात आणि माझ्यात फरक एवढाच, की माझ्या आतल्या टोकाला चुंबक बसवलेलं आहे. इंजिनात लोखंड झिजतं, त्याची भुकटी ऑइलमधून फिरते आणि मी ती पकडून ठेवतो. म्हणजे येईल-जाईल त्याची झडती घेणं हाच माझा धंदा. अशा धंद्यात स्वभाव संशयी झाला, तर त्यात माझं काय चुकलं?

माझा जन्म कुठे झाला ते मला नक्की सांगता येणार नाही. डबीवर लिहिलेलं होतं, पण डबीवर काय, वाट्टेल ते छापता येतं. मला समज आली ती तिसगावात, बजरंगच्या गॅरेजमध्ये, खिळ्याला टांगलेल्या एका पिशवीत. बरेच दिवस मी तिथे धूळ खात होतो. गिऱ्हाईक यायचं, मला उलटसुलट करून बघायचं आणि म्हणायचं, "ह्यो कशाला? साधा बोल्ट काय वाईट हाय?" मग मी पुन्हा पिशवीत.

एके दिवशी मच्छिंद्र आला. पाथर्डीच्या डोंगराच्या कडेला त्याची वस्ती आहे. दर हंगामात तो बायको-लेकरांना घेऊन राहात्याकडे एका साखर कारखान्यावर उसाचा ट्रॅक्टर चालवायला जातो. मागे त्याची आई केशरबाई आणि धाकटा भाऊ अंगद असतात. आदल्या हंगामात अंगदने मागे राहिलेली मोटारसायकल मित्राच्या वरातीला नेली. ऑइल आहे की नाही हे बघितलंच नाही आणि वाटेत इंजिन जाम झालं. मच्छिंद्र परतल्यावर अंगदने मान खाली घालून शब्द दिला, "दादा, ह्या गाडीला परत हात लावनार न्हाई." शब्द दिला खरा, पण मच्छिंद्रच्या मनात शंकेची पाल चुकचुकत राहिली ती राहिलीच.

इंजिनात नवा पिस्टन बसवून झाल्यावर तो बजरंगला म्हणाला, "किलोमीटरचा काटा बंद हाय. म्या न्हाई तवा कोन गाडी फिरवितंय, ते कळायचं कसं?"

बजरंगने मला पिशवीतून काढलं. "ह्यो बसवू. झिजलेलं लोखंड धरून ठेवतो. पर नीट आयका. पिस्टन नवा हाय, तवा काजळावानी भुकटी येनारच, तिला भिऊ नका. सुईवानी तुकडा दिसला, तरच गाडी हिकडं आना."

मच्छिंद्रने पहिलं तेवढं ऐकलं, पुढचं त्याच्या कानावरून गेलं. खरं तर माझा जन्म इंजिन वाचवायला झालेला. त्याने मला भावावर पहाऱ्याला बसवलं. मला तेव्हा ते फार आवडलं, हेही सांगतो.

दसरा झाला आणि मच्छिंद्रचं बिऱ्हाड टेम्पोत बसलं. गाडीची किल्ली त्याने अंगदकडे न देता आईकडे दिली. जाता जाता म्हणाला, "आई, गाडी मधनंमधनं चालू करीत जा, न्हाईतर बॅटरी बसंल."

मी अंधारात कान देऊन बसलो. दुसऱ्याच दिवशी सकाळी किल्ली फिरली, बटण दाबलं गेलं, इंजिन सुरू झालं. आला चोर, म्हटलं. तेवढ्यात बांगड्या वाजल्या. केशरबाई होती. तिने इंजिन थोडं घुरघुरू दिलं आणि म्हशीशी बोलावं तशी म्हणाली, "झालं बाई. ऱ्हा गप आता." मग बंद करून निघून गेली. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. लेक मधनंमधनं म्हणाला होता, पण केशरबाईला काम अंगावरून ढकलणं ठाऊक नाही. म्हणून ती रोज गाडी चालू करायची, आणि पेट्रोल जळू नये म्हणून लगेच बंद करायची.

यात काहीतरी काळंबेरं असणार, असं माझं मत झालं. आई गाडी तयार करून ठेवणार आणि पोरगा हळूच घेऊन जाणार. मी सीटवर वजन पडायची वाट बघत राहिलो, गिअर पडायची वाट बघत राहिलो. काहीच पडलं नाही.

थंडीच्या दिवसांत केशरबाईला ताप भरला. ओट्यावर बसून ती अंगदला म्हणाली, "घे रं किल्ली. दवाखान्यात जाऊन येऊ." आता या पोराचं पितळ उघडं पडतं की नाही बघा, म्हणून मी सरसावून बसलो.

"नगं आई," अंगद म्हणाला. "दादाला शब्द दिलाय."

त्याने सायकल काढली, आईला मागच्या कॅरिअरवर बसवलं आणि एसटी थांबते त्या फाट्यापर्यंत सायकल हाताने धरून नेली. मला ते मुळीच पटलं नाही. कुणी ऐकत असेल म्हणून तसं बोलला असेल, असं वाटलं. पण तेव्हा वस्तीवर केशरबाई आणि मी सोडून ऐकणारं कुणी नव्हतं. त्या दिवसापासून मी त्याच्यावर संशय घ्यायचा प्रयत्न केला, तरी तो मला नीट जमेना.

इकडे माझे हाल चालले होते. गारठलेलं इंजिन सुरू करून तापायच्या आत बंद केलं, की आत पाणी धरतं, जसं गरम भांड्याच्या झाकणाला धरतं तसं. ते पाणी वाफ होऊन निघून जायला इंजिन चांगलं तापावं लागतं, आणि केशरबाई ते तापू देत नव्हती. ऑइल दुधाच्या चहासारखं दिसायला लागलं. नव्या पिस्टनच्या घासण्याने निघालेली भुकटी येऊन माझ्या तोंडावर काळी दाढी उगवली. पण त्या दाढीत एकही सुई नव्हती. इंजिन आतून धडधाकट होतं.

पट्टा पडला, म्हणजे कारखान्याचा हंगाम संपला, आणि मच्छिंद्र परत आला. नेमकी केशरबाई लेकीच्या बाळाच्या बारशाला शेवगावला गेलेली. टेम्पोतून बोचकी उतरत होती. मच्छिंद्रने घोटभर पाणीही न पिता पाना घेतला, ऑइल डब्यात सोडलं आणि मला उन्हात धरलं.

"अंग्या, हिकडं ये. गाडी वढ्यात घातली व्हतीस का? ऑइलात पानी हाय. पेट्रोल उतरलंय. आन् ह्यो बघ, बोल्टावर किती लोखंड साठलंय. रोज फिरिवलीस तू गाडी."

"मी हात लावला न्हाई, दादा. आई चालू करायची रोज सकाळी."

"आईचं नाव पुढं करू नगंस. तिला म्या मधनंमधनं म्हनलं व्हतं, म्हातारं मानूस रोज मोटारसायकल चालू करनार व्हय?"

"आल्यावर तिला इचार."

"ती तुझ्याच बाजूनं बोलनार. मंग ह्यो बोल्ट काय खोटं बोलतोय?"

मित्रांनो, मी खोटं बोललो नव्हतो, कारण मी बोललोच नव्हतो. माझ्या तोंडाला भुकटी चिकटली होती, कुणाचं नाव चिकटलं नव्हतं. मला बोलता आलं असतं, तर मी त्याच क्षणी केशरबाईचं नाव सांगितलं असतं. सगळा हंगाम ज्या पोरावर मी डोळा ठेवला, त्याच्यासाठी माझा जीव तुटत होता. मच्छिंद्र म्हणाला, "आता चुली येगळ्या करू. तुझं तू, माझं मी." 

संध्याकाळी केशरबाई शेवगावहून आली. झालेलं तिला दोघांनीही सांगितलं नाही. मच्छिंद्रने मला पुसून पुन्हा बसवलं आणि नवं ऑइल ओतलं. सकाळी अंगद पिशवी घेऊन निघाला. नगरजवळ भिंगारला एका मित्राच्या ओळखीने काम बघतो, एवढंच तो आईला म्हणाला. म्हशीची धार तिने काढली, हात धुतले आणि रोजच्यासारखी किल्ली घेऊन गाडीपाशी आली. बटण दाबलं. इंजिन घुरघुरलं.

मच्छिंद्र घरातून बाहेर आला. "आई, तू?"

"मंग कोन? तूच म्हनला व्हतास न्हवं, चालू करीत जा म्हून. तापात पडले तेवढं अन् शेवगावला गेले तेवढं सोडलं, तर एक दिस चुकवला न्हाई. अंगदला म्हनलं तू कर, तर त्यो किल्ली बी हातात धरंना." इंजिन बंद करत तिने विचारलं, "त्यो भिंगारला कशाला निघालाय रं? तुला काय बोलला का?"

मच्छिंद्रने तिच्या हातातली किल्ली घेतली आणि गाडीवर बसला. इतक्या महिन्यांत पहिल्यांदा सीटवर वजन पडलं, पहिल्यांदा गिअर पडला. फाट्यावर पोहोचेपर्यंत इंजिन छान तापलं होतं, पण मला त्याचं सुख वाटलं नाही.

अंगद एसटीची वाट बघत उभा होता.

"बस मागं," मच्छिंद्र म्हणाला.

"मी ह्या गाडीला हात लावनार न्हाई. बसनार बी न्हाई."

"आईनं सांगितलं मला समदं."

"मी बी सांगितलं हुतं, दादा."

एसटी आली. कंडक्टरने दार उघडून नगर, नगर असा पुकारा केला. मच्छिंद्र खालच्या आवाजात म्हणाला, "जाऊ नगंस. चुकलं माझं." एसटी थोडी थांबली आणि निघून गेली. अंगदने पिशवी खांद्याला लावली आणि वस्तीच्या वाटेला लागला, पायी. मच्छिंद्रने इंजिन बंद केलं आणि गाडी हाताने ढकलत त्याच्या बाजूने चालायला लागला.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल, तर ऑइल बदलताना मला पुसायला विसरू नका. माझ्यावर भुकटी आहे की तुकडा आहे, ते बोटावर चोळून बघा. गाडी चालू केलीत, तर तिला जरा तापू द्या. लोखंड किती झिजलं, ते मी सांगेन. पण कोण कसं वागलं, हे मला विचारू नका. त्या माणसाला विचारा, आणि तो सांगेल ते ऐकून घ्या.

वस्तीआधी मोठा चढ आहे. तिथे मच्छिंद्रला धाप लागली. गाडी मंदावली, एकदा तर मागेही सरकली. मग ती एकाएकी हलकी झाली. वाऱ्याने रेटा दिला असेल, असं मला आधी वाटलं. माझा स्वभावच तसा. पण वारा तर समोरून येत होता.