सूनबाईचा सिलेंडर

“बाबा, बोट घालून बघा. आत नांगरल्यासारखं झालंय,” सूनबाई म्हणाली आणि जुन्या टॉवेलात गुंडाळलेला सिलेंडर तिने शेडमधल्या टेबलावर ठेवला.

केसभर काकांनी तर्जनी आत फिरवली. डर्ट बाइकचं टू-स्ट्रोक इंजिन, धुळीत ऊर फुटेस्तोवर पळवलेलं. आतली भिंत ओरखड्यांनी भरली होती.

“धूळ खाल्लीय याने. एअर फिल्टर कधी धुतला होतास?”

“धुणारच होते.”

“म्हणजे नाही धुतलास.”

सूनबाईने जीभ चावली.

काकांच्या डोक्यावर औषधालाही केस नव्हता, तरी सगळी गल्ली त्यांना केसभर म्हणे. एकतीस वर्षं त्यांच्या तोंडी तेवढं एकच माप होतं. केसभर काढतो, केसभर जास्त झालं, भाजीत मीठसुद्धा केसभर कमी. झिजलेला सिलेंडर आतून कोरून पुन्हा एकसारखा गोल करायचा आणि त्यात एक नंबर मोठा पिस्टन बसवायचा, हा त्यांचा धंदा. पण मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून चार महिने मशीन बंद होतं. त्यांचे चिरंजीव ऑफिसात फायली सांभाळत आणि बायकोची शर्यत डोळे मिटून बघत. “बाबा, आता पुरे. मशीन विकून टाकू,” असं टुमणं त्यांनी लावलं होतं. काका नाही म्हणत नव्हते. खरं सांगायचं तर त्यांनाच आपल्या हाताची भीती वाटायला लागली होती.

“रविवारी शर्यत आहे,” सूनबाई म्हणाली. “आणि हा पिस्टनचा शेवटचा नंबर. याच्यापुढे मोठा मिळतच नाही.”

“म्हणजे चुकलं की सिलेंडर भंगारात. मग मोठ्या वर्कशॉपमध्ये ने. त्यांच्याकडे कॉम्प्युटरवालं मशीन आहे.”

“तिथं माझं सासर नाहीये,” ती म्हणाली आणि हेल्मेट उचलून निघूनही गेली.

काकांनी मशीनवरची ताडपत्री बाजूला केली. मग मनाशी म्हणाले, हे एक जमलं तर मशीन राहील, नाही तर चिरंजीवांचं खरं.

गुरुवारी सकाळी त्यांनी मशीन चालू केलं. पातं फिरायला लागलं, काळा बारीक चुरा खाली पडू लागला आणि काकांना चार महिन्यांत प्रथमच भूक लागली. त्यांनी घाई केली नाही. थोडं काढायचं, थांबायचं, मापायचं. टू-स्ट्रोकच्या सिलेंडरला वायू आत-बाहेर जायला भिंतीतच खिडक्या असतात. त्यांच्या कडा धारदार राहिल्या तर पिस्टनची रिंग त्यात अडकून तुटते. त्या कडा त्यांनी एकेक करून बोथट केल्या. मग बायकोकडून बादलीभर कढत पाणी मागवलं आणि लहान मुलाला न्हाऊ घालावं तसा सिलेंडर साबणाने चोळून चोळून धुतला, पुसला, आत तेलाचा हात फिरवला.

आता काही धीर धरवेना. त्यांनी खोक्यातून कोरा पिस्टन काढला, आत सोडला आणि फटीत मापाचं पातळ पातं घातलं. ते अडायला हवं होतं. ते सुळकन आरपार गेलं.

काकांनी पुन्हा घातलं. पुन्हा गेलं.

त्यांनी मशीनवर ताडपत्री टाकली आणि हाक मारली, “अगं, ऐकलंस का?”

काकू वाटाण्याच्या शेंगा धुता धुता तशाच ओल्या हातांनी आल्या.

“ढिला झाला. पोरीचा सिलेंडर वाया घालवला मी. चिरंजीवांना सांग, बघा म्हणावं मशीनला गिऱ्हाईक.”

काकूंनी सिलेंडर दोन्ही हातांनी उचलला आणि चटकन खाली ठेवला.

“अहो, हा चांगला गरम आहे की!”

“असू दे.”

“असू दे काय? एकतीस वर्षं स्वयंपाकघरातून ऐकतेय मी. गरम लोखंड फुगतं, थंड झाल्याशिवाय मापाला हात लावायचा नाही, म्हणून गिऱ्हाइकांवर खेकसता. आणि तुमच्यावर कोणी खेकसायचं?”

काकांनी आपले हात बघितले. कढत पाण्यातून निघून लालबुंद झालेले. त्या हातांना गरम सिलेंडर गरम कसा लागणार!

काकूंनी त्यांना स्वयंपाकघरात नेऊन वाटाणे सोलायला बसवलं. दर दोन मिनिटांनी काका उठत आणि काकू “बसा” म्हणत. दीड तासाने काकूंनी स्वतः सिलेंडर गालाला लावून पाहिला, तेव्हा कुठे परवानगी मिळाली.

मापाचं पातं अडलं. केसभरही पुढे जाईना.

शेडचं दार सताड उघडं असताना काकांनी काकूंना मिठी मारली.

“अहो, तेलाचे हात!” काकू ओरडल्या, पण सुटायची घाई त्यांनाही नव्हती.

शनिवारी सकाळी सिलेंडर बसवलेली गाडी घेऊन सगळे मैदानावर गेले. तिसऱ्या किकला इंजिन सुरू झालं, निळा धूर निघाला आणि चिरंजीवांनी सवयीने डोळे मिटले.

“नवीन बोअर आहे, आतून ताजा कोरलेला. आधी अगदी हळू चालवायची,” काकांनी बजावलं.

“हळू मला जमत नाही, बाबा. तुम्हीच बसा.”

“मी? माझं वय काय!”

“फिल्टर धुतलाय मी. आता तुमची पाळी.”

काका बसले. गाडी माणसाच्या चालीने निघाली, तेव्हा काकू पदर खोचून शेजारून चालू लागल्या.

“खड्डा आहे पुढं.”

“दिसतोय मला. आता सगळं दिसतंय.”

“मग बघून चालवा ना!”

दुसऱ्या फेरीला सायकलवरची एक मुलगी घंटी वाजवत त्यांना मागे टाकून गेली. काकांनी हात दाखवून तिला ऐटीत वाट दिली. पाचव्या फेरीनंतर सूनबाईने मैदानाच्या कडेवरून दोन्ही हात हलवून हाका मारल्या, “बाबा, बास! आता गार होऊ द्या!”

काकांची सहावी फेरी सुरू झाली होती. इंजिनच्या आवाजात ऐकूच आलं नाही, असं त्यांनी नंतर सगळ्यांना सांगितलं.