निळ्या खुणेचे तुकडे

लाकडाचे तुकडे भरलेल्या माझ्या पाट्यांना कुणीतरी हात लावत होतं. कुणीतरी कशाला, सूनच. मी काही उगाच आळ घेणारा माणूस नाही, पण डोळ्यांनी पाहिलेलं खोटं कसं म्हणू?

आमचं सुतारकाम. मुलगा करवत चालवतो, आणि करवतीला वीज देणारं इंजिन लाकडाच्या गॅसवर चालतं. उंच लोखंडी भट्टीत कमी हवेवर तुकडे धुमसत ठेवायचे, निघालेला गॅस गाळून इंजिनाला द्यायचा. तुकडे पुरवणं माझ्याकडे. लोकांना वाटतं, टाकाऊ लाकूड, त्यात काय एवढं! अहो, त्यातच सगळं आहे. तुकडा काड्यापेटीएवढा हवा, मोठा असला की भट्टीत अडकून बसतो. भुसा चाळून काढायचा, नाहीतर हवेची वाट बंद. खिळे लोहचुंबकाने वेचायचे. मग पत्र्यावर उन्हात पसरून, दिवसातून चारदा उलथून खडखडीत वाळवायचं. ओलं आत गेलं की गॅसबरोबर डांबर येतं आणि इंजिनाचं नरडंच धरतं.

वाळलं की नाही ते मी वाजवून सांगतो. दोन तुकडे एकमेकांवर आपटायचे. वाळलेला टणकन बोलतो, ओला थप्प करतो. बावीस वर्षं माझ्या कानाने सांगितलं आणि भट्टीने मानलं.

हल्ली मुलगा सारखा म्हणायचा, "बाबा, आता आराम करा." डोंबलाचा आराम! पत्र्यापाशी माझी जागा गेली तर मी दिवसभर काय भिंती मोजत बसू? ती जागा सुनेला हवी होती, हे शेंबडं पोरही सांगेल. मी वाजवून भरलेल्या पाट्या ती शेडमागे न्यायची आणि अर्ध्या तासाने परत आणून ठेवायची. नवरा-बायको आपसात कुजबुजायचे. मी जवळ गेलो की तोंडं बंद. रात्री मी हे सगळं बायकोच्या कानात हळूच सांगायचो.

एकदा मागून जाऊन पाहिलं. बाईसाहेब माझ्या पाटीतले तुकडे वेचून बाजूला टाकत होत्या आणि दुसऱ्याच पोत्यातले भरत होत्या! शेजारी स्वयंपाकघरातला वजनकाटा. कुठेतरी पाणी मुरत होतं, आणि तेही माझ्याच लाकडात. डाव सरळ दिसत होता. पाटीत ओलं घालायचं, इंजिन बंद पाडायचं आणि गावभर सांगायचं, म्हाताऱ्याला आता जमत नाही.

म्हटलं थांब, तुझं बिंग फोडतो. दुसऱ्या दिवशी सकाळीच मी निळा खडू घेऊन बसलो. वाजवून पास झालेल्या प्रत्येक तुकड्यावर एक रेघ. चार पाट्या भरल्या. कंबरडं मोडलं, पण हौसेने केलं. त्याच दिवशी चाळीस बाकांचं काम सुरू व्हायचं होतं.

सून आली. "बाबा, द्या पाट्या, मी नेते."

"हात लावायचा नाही!"

तिने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने लांबूनच हात हलवला, जाऊ दे म्हणून. पाहिलंत? खुणासुद्धा ठरलेल्या! मी स्टूल टाकून पाट्यांपाशी बसलो, पाणी प्यायलासुद्धा उठलो नाही, आणि भट्टी माझ्या हाताने भरली.

दुपारी करवत थांबलेली दिसली. मुलगा इंजिनाकडे धावला. त्याने झडप उघडली तर आत काळा चिकट थर. दिवसभराचं काम बोंबललं.

माझा तर पाराच चढला. "हिने माझी नजर चुकवून कालवलंय! खूण नसलेला तुकडा आत्ता काढून दाखवतो!" उरलेल्या दोन पाट्या मी जमिनीवर ओतल्या आणि गुडघ्यांवर बसून शोधायला लागलो. निळी रेघ. निळी रेघ. सगळ्यांवर माझीच निळी रेघ.

सुनेने कुऱ्हाडीने एक तुकडा फोडला आणि त्याची आतली बाजू माझ्या गालाला लावली. गार. दुसरा फोडला. तोही गार.

"वरून वाळतात बाबा, आत ओल राहते. टेबलाच्या जाड पायांचे आहेत ना."

"पण मी वाजवलेत!"

तिने पोत्यातले दोन तुकडे घेऊन माझ्यासमोर आपटले. मग माझे दोन आपटले. "सांगा, वाळलेले कुठले?"

लाकडावर लाकूड पडलेलं दिसलं. आवाज दोन्ही वेळा तोच आला, गोधडीआडून आल्यासारखा. मी पुन्हा आपटायला लावलं. मग स्वतः आपटून पाहिले. काही फरक नाही.

"कधीपासून?" मी विचारलं.

"दोन वर्षं होतील," मुलगा म्हणाला. "ही रोज निवडते. दर पाटीतला एक तुकडा फोडते, वजन करते, चुलीवर तव्यात तापवून पुन्हा वजन करते. फार घटलं तर ओले काढून पोत्यातले वाळलेले भरते."

"मग मला का नाही सांगितलंत?"

"तुम्ही परत इथे आला नसतात."

मला रडू फुटलं. लाज कसली, फुटलं. मी सुनेचा हात धरला. "पोरी, मी तुझ्या पाठीमागे नाही नाही ते बोललो गं."

ती माझ्या कानाशी वाकली आणि मोठ्याने म्हणाली, "पाठीमागे कसलं, बाबा. तुम्ही रोज आईंच्या कानात सांगायचात ना, हळूच? भिंतीपलीकडे सगळं ऐकू यायचं. कपटी, घरभेदी, सगळं."

रोज ते ऐकायचं आणि सकाळी माझ्याच पाट्या निवडायला बसायचं. दोन वर्षं. ती खाली बसून निळ्या रेघेचे तुकडे निवडायला लागली होती.