नमुना

श्रेयांसची पाठ सकाळी उघडत नसे. तो जागा होई, मोबाईल उघडी, पण आखडलेली पाठ उघडायला दोन-तीन तास जात. रिसोडच्या बाजारात वडिलांचं, नेमीचंदांचं, सोयाबीनच्या अडतीचं दुकान. तिथं पोरगा बाराच्या आत कधी दिसला नाही, तेव्हा लोकांनी त्याला आधी आळशी ठरवलं आणि मग मणक्यात गॅप असलेला. आपल्या जिल्ह्यात ज्याची पाठ दुखते त्याच्या मणक्यात गॅप निघतोच. तीन वर्षं त्यानं त्या गॅपवर काढली.

अकोल्याच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासून वेगळंच सांगितलं. याच्यात एचएलए-बी२७ नावाचा जीन आहे. काहींच्या बाबतीत त्यामुळे शरीराच्या राखणदार पेशी आपल्याच सांध्यांवर उठतात. ‘‘पण जीन म्हणजे रोग नव्हे,’’ त्या म्हणाल्या. ‘‘हा जीन असलेल्या बहुतेकांना जन्मभर काही होत नाही. याला झालं. रोज व्यायाम, आणि गोळी रात्री जेवल्यावर.’’

‘‘आमच्याकडं दिवस मावळल्यावर जेवत नाईत,’’ नेमीचंद म्हणाले. ‘‘आन् हा जीन आला कोनाकडून?’’

डॉक्टरीणबाई जेवणाबद्दल बरंच बोलल्या, ते नेमीचंदांनी ऐकलं नाही. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर छोटं होतं. आईकडून किंवा वडिलांकडून.

आता अडत्याला एवढं कळल्यावर तो गप्प बसत नाही. ढिगात ओलं सोयाबीन सापडलं की पोत्यापोत्यात पोकळ सळई खुपसून नमुना काढायचा आणि माल कोणाच्या गाडीतून आला ते ठरवायचं, हा त्यांचा जन्माचा धंदा. शिवाय गाडीचा अंदाज त्यांना होताच. बायकोचं, तारामतीबाईंचं, माहेर कारंज्याचं. लग्नापासून या घरात दूध नासलं तरी ते कारंज्याकडून नासे.

‘‘सगळ्यांचं रक्त काढा,’’ नेमीचंद म्हणाले.

‘‘त्यानं याच्या दुखण्यात काही फरक पडणार नाही,’’ डॉक्टरीणबाई म्हणाल्या. नेमीचंदांनी मान डोलावली आणि सगळ्यांचं रक्त काढवलं. सगळ्यांत जिनलही आली. श्रेयांसची धाकटी बहीण, बी. कॉम., ठणठणीत, मेहकरच्या सम्यकशी साखरपुडा झालेली.

तारामतीबाईंच्यात काही निघालं नाही. नेमीचंदांच्यात निघालं. जिनलच्यात निघालं. तारामतीबाईंनी त्या दिवशी पुरणपोळी केली. सण कुठलाच नव्हता.

जेवण झाल्यावर नेमीचंद म्हणाले, ‘‘मेहकरले काई सांगाचं नाई.’’

‘‘काहून?’’ जिनलनं विचारलं.

‘‘तुले काई झालं का?’’

‘‘नाई.’’

‘‘मंग काय सांगशीन? मले काई झालं नाई, असं कोनी फोन करून सांगते का?’’

‘‘मंग तपासलं कायले, पप्पा?’’

नेमीचंदांनी बडीशेपेची डबी शोधायला घेतली. ती समोरच होती.

‘‘सांगा नाईतर नका सांगू,’’ आतून श्रेयांस म्हणाला, ‘‘मले आधी कोनी उठवून बसवा.’’

जिनलनं त्याला बसवलं आणि गच्चीवर जाऊन सम्यकला फोन केला. तिनं सगळं सांगितलं, डॉक्टरीणबाईंच्या ‘बहुतेकांना काही होत नाही’सकट.

‘‘तुले दुखते का?’’

‘‘नाई.’’

‘‘मंग टेन्शन कायचं?’’ तो म्हणाला. मग तिकडचा पंखा बंद झाला. ‘‘पुढं लेकराइले येऊ शकते?’’

‘‘जीन येऊ शकते. दुखनं येईनच असं नाई.’’

‘‘मम्मीले सांगू का?’’

‘‘सांग.’’

‘‘तू नसतं सांगतलं, तर मले मालूमच नसतं झालं,’’ सम्यक म्हणाला. तक्रारीच्या सुरात म्हणाला.

आठवडाभरात त्याच्या काकांचा फोन आला. घरात आजींना बरं नसतं, यंदा जमत नाही, तुमी मनाले लावून घेऊ नका. जीनबद्दल त्यांनी चकार शब्द काढला नाही. लोक सभ्य होते. अंगठी आणि साड्या जीपनं परत पोचत्या झाल्या. मिठाई आली नाही, ती संपली असावी.

‘‘पुढच्या ठिकानी तोंड उघडाचं नाई,’’ नेमीचंद म्हणाले.

‘‘ती तर उघडीनच,’’ तारामतीबाई म्हणाल्या. ‘‘बेटा, सांगशीन तवा कारंज्याचा नाई, हेबी सांगजो.’’

आपल्याला रडायला यायला पाहिजे, असं जिनलला वाटलं. तिनं खोलीत जाऊन दार लावलं, वाट पाहिली. काही आलं नाही. मग तिनं सम्यकचा नंबर काढून टाकला आणि तो पाठ असल्याचं तिच्या लक्षात आलं. त्याचंही काही वाटलं नाही.

तेव्हापासून जाग आली की ती लगेच उठत नाही. पडल्या पडल्या कमरेपासून मानेपर्यंत पाठ चाचपून पाहते, मनातल्या मनात. कुठं धरलंय का, आखडलंय का. धरलेलं नसतं. हे बरं वाटतं की नुसतंच कळतं, हे तिला सांगता येणार नाही.

मग दार वाजतं. बाहेर नेमीचंद असतात, एक हात कमरेवर. आत येत नाहीत, नजर देत नाहीत. बाजारभाव विचारावा तसं विचारतात,

‘‘काई हाय का?’’

‘‘काई नाई.’’

‘‘मलेबी नाई,’’ ते म्हणतात आणि चहा ठेवायला जातात.