स्टॉप्ड चेकिंग

सोमवारी सकाळी कंपनीच्या बसमधून उतरल्या उतरल्या रोशनी गजभियेच्या हातात पाकीट पडलं. बुटीबोरीच्या त्या कापड कारखान्यात ती सात वर्षं कापड तपासत होती. चोवीस मागांच्या मधून फिरायचं, कापडावर पट्टी किंवा गाठ दिसली की माग बंद करून फिटरला बोलवायचं, हे तिचं काम. सात वर्षांत एक तक्रार नव्हती.

"उत्तर दिल्याबिगर आत नाही जाता येत म्हणते, मॅडम," गेटवरचा रक्षक म्हणाला.

नोटीस इंग्रजीत होती, पण मधोमध तिचंच वाक्य छापलेलं होतं. पंधरा दिवसांपूर्वीच्या अहवालात तिने लिहिलं होतं, ‘ॲट इलेव्हन फॉर्टी आय स्टॉप्ड चेकिंग लूम फोर्टीन.’ चौदा नंबरच्या मागाचं कापड गिऱ्हाइकाने परत पाठवलं होतं. कंपनीचं म्हणणं असं, की अकरा चाळीसनंतर तिने तो माग तपासायचाच सोडून दिला आणि तसं स्वतःच्या हाताने लिहूनही दिलं.

"अहो, पण मी त तपासाले थांबली होती!" ती म्हणाली.

रक्षकाने फाटक लावून घेतलं.

दहाच्या सुमारास ती इंदोऱ्याला घरी पोचली. वडील, प्रेमानंद, अंगणात पेपर वाचत बसले होते. नरखेड तालुक्यातल्या शाळांमधून त्यांनी तीस वर्षं इंग्रजी शिकवलं होतं. त्यांनी नोटीस दोनदा वाचली आणि चष्मा काढला.

"हे तूच लिवलं काय वं?"

"मीच. काय चुकलं?"

"स्टॉप्ड टू चेक म्हणजे तपासाले थांबली. स्टॉप्ड चेकिंग म्हणजे तपासाचं बंद केलं. उलटा अर्थ झाला ना, माय."

रोशनीने आत जाऊन वही आणली. जानेवारीत कंपनीने सगळ्या तपासनिसांसाठी इंग्रजीचा वर्ग ठेवला होता, कारण तेव्हापासून अहवाल इंग्रजीतच लिहायचा असा नियम झाला. तिने सरावाला ‘स्टॉप्ड टू चेक’ असंच लिहिलं होतं. शिकवणाऱ्या मॅडमनी त्यावर लाल रेघ मारून बाजूला लिहिलं होतं, की एन्जॉय, फिनिश, अव्हॉइड आणि स्टॉप यांच्यापुढे नेहमी आयएनजी.

"अर्धाच नियम सांगतला," प्रेमानंद म्हणाले. "रिमेंबरचं बी असंच हाय. ट्रायचं बी. अन् हे पाय, नोटिशीत ‘कॉल्ड अपॉन’ हाय, म्हणजे उत्तर मांगतलं. कॉल म्हणजे बोलावणं. पण कॉल ऑफ म्हणजे रद्द करणं, कॉल फॉर म्हणजे..."

"बाबा, मले उत्तर लिवाचं हाय. परीक्षा नाही द्याची."

दोघं उत्तर लिहायला बसले. पहिल्याच ओळीत अडकले. मी मागाकडे पाहिलं, हे सांगायला ती ‘लुक्ड आफ्टर’ लिहीत होती. ते म्हणाले, त्याचा अर्थ सांभाळ केला असा होतो. मग ‘लुक्ड इनटू’ की ‘लुक्ड ओव्हर’, यावर अर्धा तास गेला. प्रेमानंदांनी शब्दकोश उघडला, त्यात लुकचीच दीड पानं निघाली, आणि ते ती आवडीने वाचू लागले. दुपारपर्यंत चार कागद फाटले.

"या लोकाइले एक शब्द पुरत नाही काय?" रोशनीने पेन आपटलं. "लुक म्हणजे पाहणं. झालं ना! मंग त्याच्या मागं शेपट्या काहून लावून राहिले?"

"आपण नाही लावत? मारून टाकणं म्हणजे काय टाकणं असते? येऊन जाणं, बोलून बसणं..."

"पण त्याच्यापायी मले कोणी घरी नाही ना बसवलं!"

प्रेमानंदांनी शब्दकोश मिटला.

दुसऱ्या दिवशी ती कोरा कागद आणि वही घेऊन गेटवर गेली आणि कार्यालयातल्या अंकित सरांना भेटल्याशिवाय हलणार नाही म्हणाली. तासाभराने आत बोलावलं. अंकित तिशीतला, नागपूरचाच, इंग्रजी शाळेत शिकलेला.

"गजभिये, लेखी उत्तर कुठंय?"

"तोंडी देते, सर. मी रस्त्यात चहा प्यायले थांबली, अन् मी चहा प्यायची थांबली. दोन्ही एकच काय?"

"नाही. पण तुम्ही लिहिलंय ते..."

"मी लिवलं ते तुमच्या क्लासमधी शिकवलं तसं लिवलं." तिने वही त्याच्यापुढे ठेवली. लाल रेघ त्याने वाचली, पुन्हा वाचली. "अन् सर, माग कधी बंद होता ते कंप्युटरमधी राहते. परत आलेल्या रोलवर बी टाइम राहते. ते कोणी पाहिलं काय?"

कोणीच पाहिलं नव्हतं. लेखी कबुली हातात असताना पाहायचं कशाला! अंकितने फिटर सुशीलला बोलावलं. सुशील म्हणाला, "मॅडमनंच बोलावलं होतं ना मले. मी दुरुस्त करून देल्ला." कंप्युटरवर चौदा नंबर अकरा एकेचाळीस ते बारा सहा बंद होता. परत आलेले रोल त्याच दिवसाचे, पण संध्याकाळी पाचनंतर विणलेले निघाले. तेव्हा रोशनी घरी पोचली होती.

नोटीस मागे घेतली. अंकित म्हणाला, "तरी तुम्ही इंग्रजी जरा सुधारा." रोशनीला संताप आला. तिने वही उचलली आणि कामावर गेली. त्या दिवसापासून ती अहवालात दोनच शब्दांची वाक्यं लिहू लागली. लूम स्टॉप्ड. आय चेक्ड. फिटर केम. कोणाला काय अर्थ काढायचा तो काढू दे.

आठवड्याने जेवणाच्या सुट्टीत दुसऱ्या पाळीचे तपासनीस भैय्याजी तिच्याकडे आले. वय सत्तावन्न, गरीब माणूस. पाळी तीनला सुरू व्हायची, पण ते बारालाच आले होते. त्यांच्या हातात तसंच पाकीट होतं.

"पोरी, एवढं वाचून दे ना. घरी कोणाले समजून नाही राहिलं."

तिने वाचलं. कापड यांच्या पाळीत बिघडलं होतं आणि नोटीस तिने सोसली होती. तेव्हा हे एक शब्द बोलले नव्हते. तिच्या जिभेवर बरंच काही आलं.

"तुमाले माहीत होतं ना, भैय्याजी?"

"होतं. भेव वाटलं. रिटायर व्हाले तीन वर्षं हायेत."

"त्या दिवशी झालं काय होतं?"

"दुसरा माणूस आला नव्हता. दोन्ही शेड मले एकट्याले देल्ले. अठ्ठेचाळीस माग. चौदाकडे पोचतपर्यंत खराब कापडानं रोल भरून गेला होता."

"हे त्याइले सांगतलं काय?"

"इंग्रजीत कसं सांगू?"

रोशनीने डबा बाजूला सारला, वहीतलं मधलं पान फाडलं आणि पेन उघडलं.

"कोणी म्हटलं इंग्रजीत? आता मले सांगतलं तसंच सांगा. पहिलेपासून. मी मराठीत लिवते, तुम्ही सही करा. अन् त्याइले वाचता नाही आलं त याव म्हणा माझ्याकडे, मी समजावून देईन."

भैय्याजी बाकावर टेकले आणि सांगू लागले.