चिखलाच्या शर्यतीची वाट

घरातलं माणूस गेलं, की भेटायला येणाऱ्यांची वर्दळ ओसरते न ओसरते तोच एक प्रश्न प्रत्येक घरात येऊन उभा राहतो. त्याच्या वस्तूंचं काय करायचं? चष्मा दुसऱ्या कुणाला चालत नाही आणि टाकवतही नाही. चपला दाराशी दिसल्या की काळजात धस्स होतं, आणि उचलल्या की दार ओकंबोकं दिसतं.

या घरात लेकीने तो प्रश्न एका दुपारी निकालात काढला. ती वीस वर्षं ग्रंथालयात काम करत होती. तिथे दरवर्षी कपाटं रिकामी करून पुस्तकांचे तीन गठ्ठे करतात. ठेवायची, दुसरीकडे द्यायची आणि बाद करायची. तिचा हात त्या कामात बसलेला. बाबा जाऊन नऊ दिवस झाले होते. तिने त्यांचं कपाट उघडलं, तीन गठ्ठे केले आणि हात धुतले. डोळ्यांत पाणी आलं नाही. दात काढण्याआधी सुई देऊन बधिर केलेला गाल हाताला लागतो, पण आपला वाटत नाही. या नऊ दिवसांत तिला सगळंच तसं लागत होतं. चहा, पाऊस, माणसांचे आवाज.

शेवटी उरला टीव्हीखालचा गेमचा कन्सोल.

बाबा मोटरसायकलींचे मिस्त्री. चाळीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त केल्या. तपासायला म्हणून गल्लीच्या टोकापर्यंत न्यायच्या आणि परत आणायच्या. ‘गिऱ्हाइकाची गाडी चिखलात घालतो होय?’ म्हणायचे. दोन वर्षांपूर्वी अर्धांगवायूचा झटका आला आणि उजवा हात कामातून गेला. मग व्यायाम करवून घ्यायला एक फिजिओथेरपिस्ट घरी येऊ लागल्या. सगळं घर त्यांना व्यायामबाई म्हणे. रबरी चेंडू दाबून मिस्त्री वैतागतात हे पाहून त्यांनीच सुचवलं, “गाडीचा गेम खेळून बघा ना. डावा हात तरी तयार राहील.” तेव्हा तो कन्सोल आला आणि त्याबरोबर मोटोक्रॉसचा गेम. म्हणजे डांबरी रस्ता नाहीच. मातीचे उंचवटे, खड्डे, उतार, आणि त्यांवरून उड्या घेत पळणाऱ्या मोटरसायकली.

गेलं वर्षभर बाबा त्या गेमच्या नव्या भागाची वाट पाहत होते. त्याची दोन मिनिटांची झलक त्यांनी शंभरदा पाहिली असेल. रोज जेवताना तोच विषय.

“जुन्या गेममध्ये चिखल म्हणजे नुसता रंग आहे गं. या नव्यात चाक रुततं! पहिल्या फेरीत पडलेली चाकोरी दुसऱ्या फेरीत तश्शीच राहते. पावसाची सर आली की तिच्यात पाणी भरतं.”

“हं,” लेक ताटातून मान वर न करता म्हणायची.

गेम बाजारात यायची तारीख दोनदा पुढे गेली. “हे लोक माझ्यापेक्षा सावकाश चालतात,” बाबा म्हणाले. तिसरी तारीख जाहीर झाली, आणि तिला एक महिना असताना बाबाच गेले.

लेकीने दुकानात फोन करून बाबांच्या नावची आगाऊ नोंदणी रद्द केली. कन्सोल, दोन्ही हातांत धरून बटणं दाबायचा कंट्रोलर, वायरी असं सगळं खोक्यात भरलं. ग्रंथालयाच्या बालविभागाला द्यायचं ठरवून खोकं दाराशी ठेवलं. आईच्या डोळ्यांसमोर हे सतत नको, हा तिचा हेतू.

“आई, हे आता कोण खेळणार? देऊन टाकते,” ती म्हणाली होती. प्रश्न असा विचारला होता, की उत्तर त्यातच होतं.

“दे ना,” आई म्हणाली आणि दूध बघायला आत गेली.

पुढच्या आठवड्यात लेक दोन दिवस सुट्टीवर होती. एरवी ती सातला घरी यायची. संध्याकाळी पाचला घरात काय चालतं हे तिला कधी ठाऊकच नव्हतं. त्या दिवशी पाच वाजले तशी आई येऊन सोफ्यावर बसली. मध्ये नाही, उजव्या टोकाला. टीव्ही बंद. आणि तिच्या उजव्या हाताचं पहिलं बोट उशीवर हलायला लागलं. हळूच दाबलं, आणखी दाबलं, सोडलं. पुन्हा हळूच दाबलं.

“आई, बोटाला काय झालं?”

“कुठे काय.” बोट थांबलं.

दुसऱ्या दिवशी पाचला पुन्हा तेच. बाबांचं दुखणं हातापासूनच सुरू झालं होतं. इतक्या दिवसांत लेकीला नीट जाणवलेली ही पहिली गोष्ट, भीती. तिने व्यायामबाईंना फोन लावला.

व्यायामबाई तासाभरात आल्या. पन्नाशीच्या, ठेंगण्या, बोलायला खणखणीत. आल्या आल्या त्यांनी आईचा हात हातात घेतला.

“मूठ मिटा. उघडा. आता माझं बोट दाबा. अजून. अगं बाई! केवढा जोर आहे! मोडाल ना माझं बोट!” त्या लेकीकडे वळल्या. “काही झालेलं नाही यांना.”

“मग ते बोट आपोआप हलतं ते?”

“आपोआप नाही हलत. त्या रेस देतायत.”

“काय देतायत?”

“रेस. गाडीला. अगं, तुला ठाऊक नाही? मिस्त्रींना डाव्या हाताने गाडी वळवता यायची, ब्रेक दाबता यायचा. रेसचं बटण उजव्या बाजूला. ते कोण दाबणार? एकच कंट्रोलर दोघांनी धरायचा. दोन वर्षं रोज पाच ते सहा! मी स्वतः बघितलंय. मिस्त्री ओरडायचे आणि ह्या हसायच्या.”

लेक आईकडे बघत राहिली. आईने चोरी पकडल्यासारखी मान खाली घातली होती.

“तू खेळायचीस? आणि मला सांगितलं नाहीस?”

“सांगण्यासारखं काय होतं त्यात. म्हातारा-म्हातारी फटफटी खेळतात म्हणून सांगू?” आई थांबली. मग उशीवरची सुरकुती सारखी करत, हळूहळू बोलायला लागली. “मला रस्ता बघावाच लागायचा नाही. ते म्हणायचे, ‘दे’, की मी द्यायची. ‘सोड’ म्हणाले, की सोडायची. ‘अगं सोड, सोड, कुंपण आलं!’ मी मुद्दाम नाही सोडायची कधीकधी. आदळायचो दोघं.”

आईने उशी उचलून मांडीवर घेतली.

“नव्या गेममध्ये चिखलात चाक रुतलं, की रेस हलक्या हाताने द्यावी लागणार आहे. एकदम दिली तर चाक जागच्या जागी फिरतं. ते म्हणाले होते, चिखलात सगळं तुझ्यावर आहे. म्हणून मी बोटाला सवय करत होते.” आईचा आवाज आणखी खाली गेला. “मला लाज वाटते सांगायला. सकाळी जाग आली, की आधी ते गेल्याचं आठवतं. आणि त्याच्या पाठोपाठ ती तारीख आठवते. किती दिवस राहिले ते मनात मोजते मी. नवरा गेलेली बाई, आणि गेमची वाट बघते! बरी दिसते का ही गोष्ट?”

“तुम्ही कशाला लाजता?” व्यायामबाई म्हणाल्या. “मी घरोघर जाते. बायको गेली आणि पुरुष मागे राहिला, की सगळे त्याला सांगतात, मन रमवा, बाहेर पडा, मित्र जमवा. आणि बाई मागे राहिली, की तिचं मन रमलेलं कुणाला बघवत नाही! तिने खिडकीशी बसायचं, आलेल्या-गेलेल्याला तीच हकिगत सांगायची. का? गेलेल्या माणसावरचं प्रेम काय असं रोज मोजून दाखवायचं असतं? दुःख आहेच ना तुम्हाला? मग त्याच्या शेजारी एक तारीख बसली, तर बिघडलं कुठे?”

मग त्या लेकीला म्हणाल्या, “तुझं चुकलं असं नाही म्हणत मी. तू घर आवरलंस. पण आवरता आवरता आईलाही गठ्ठ्यात घातलंस, पोरी.”

लेकीला त्याचं वाईट वाटायला हवं होतं. वाटलं का, तिलाच कळेना. पण हात चालत होते. तिने दाराशी जाऊन खोकं उचललं, चिकटपट्टी फाडली आणि वायरी टीव्हीला लावायला बसली. मग दुकानात फोन केला.

“नोंदणी रद्द केली होती ती पुन्हा करायची आहे.”

“नंबर गेला हो तो,” दुकानदार म्हणाला. “पहिल्या दिवशीचे सगळे गेले. दुसरा लॉट पंधरा-वीस दिवस मागून येईल. चालेल?”

लेकीने आईकडे पाहिलं. आईने मान हलवली.

“चालेल.”

“नाव कुणाचं घालू? खेळणाऱ्याचं लागतं.”

“आईचं घाला. आईच खेळणार आहे.”

पलीकडे कागद सरकल्याचा आवाज. “वय?”

“का? वयाची काय अडचण आहे?”

“अडचण नाही हो. फॉर्मवर रकाना आहे. बाराच्या वर आहेत ना त्या?”

व्यायामबाईंना हसू आवरेना. आईही हसली, आणि लगेच तोंडावर हात ठेवला.

लेकीने सुट्टी एक दिवस वाढवली. दुसऱ्या दिवशी पाचला आई कंट्रोलर दोन्ही हातांत धरून बसली. जुनाच गेम, सरावासाठी. लेक म्हणाली, “डावी बाजू मी धरू?” आई म्हणाली, “नको. मला शिकू दे.” इंजिनाचा आवाज घरभर घुमला. आईची रेस उत्तम. गाडी बाणासारखी सुटली आणि पहिल्याच वळणाला सरळ कुंपणात गेली. पुन्हा सुटली, पुन्हा कुंपणात. असं चाललं असताना दारात धाकटी आत्या उभी राहिली. बाबांची पाठची बहीण. हातात फळांची पिशवी, डोळे सुजलेले.

“अगबाई! हे काय चाललंय! माझा दादा जाऊन महिना नाही झाला, आणि घरात फटफटी? खालपर्यंत आवाज येतोय! वहिनी, तूसुद्धा?”

आईच्या हातून कंट्रोलर मांडीवर पडला. ती उठायला लागली. आणि त्या क्षणी, आदल्या दिवसापर्यंत जी लेक आत्याच्या बाजूने बोलली असती, तिने आईच्या खांद्यावर हात ठेवून तिला खाली बसवलं.

“आई, तू बस. आत्या, ये, तूही बस.”

“बसू काय? लोक काय म्हणतील?”

“म्हणू देत. दार उघडंच आहे, मी लावणार नाही.”

“तुझ्या डोळ्यांतून एक टिपूस पडलेलं बघितलं नाही कुणी, आणि तू मला शिकवतेस?”

ते लेकीच्या वर्मी लागलं.

“नाही पडलं, आत्या. पडेल तेव्हा पडेल. तेही मी कुणाला दाखवायला आणणार नाही. पण एक सांगते. तू रोज येतेस आणि आईला विचारतेस, त्या सकाळी काय झालं, पाणी मागितलं का, शेवटी काय बोलला. मीही तेवढंच विचारलंय. आजचा दिवस कसा काढणार आहेस, उद्या तुला काय हवंय, हे आपण दोघींनी एकदाही विचारलं नाही. बाबा गेले, आत्या! आई गेलेली नाही!”

आत्या पिशवीसकट सोफ्याच्या कडेला टेकली. ती पडद्याकडे बघायला लागली.

“हेच का ते? दादा फोनवर सांगायचा ते?”

“हेच,” आई म्हणाली. “नवं यायचंय. महिना आहे अजून.”

“मग थांबलीस कशाला? चालव.”

आईने कंट्रोलर उचलला. गाडी सुटली. वळण आलं. गाडी सरळच.

“अगं वळव की, वहिनी! वळव!” आत्या जागची उठली. “गेली बघ कुंपणात! दादा असा सरळ जायचा?”

“ते वळवायचे,” आई म्हणाली. “मला अजून वळवता येत नाही.”

“महिना आहे म्हणालीस ना? येईल,” आत्या म्हणाली. तिचा गाल ओला होता आणि तिने तो पुसला नाही.

ही गोष्ट एका घरातली आहे, पण ती आपल्या प्रत्येकाच्या शेजारी घडते. गेलेल्याचा मान राखायचा म्हणून आपण मागे राहिलेल्याचं उद्याकडे बघणं बंद करतो. बाईच्या बाबतीत तर जरा जास्तच घाईने! कुणी ते धाकाने करतं, कुणी मायेने, कुणी घर आवरायच्या नादात. परिणाम एकच. उद्याची वाट पाहणं हा गेलेल्या माणसाचा अपमान नाही; मागे राहिलेल्याचा तो हक्क आहे, मग ती वाट एखाद्या मोठ्या कार्याची असो, की चिखलात फटफटी उडवण्याच्या खेळाची.

तेव्हा यापुढे अशा घरी भेटायला जाल, तर कसं झालं ते जरूर विचारा. पण उठण्याआधी आणखी एक विचारा, ‘तुम्ही आता कशाची वाट बघताय?’ उत्तर लगेच येणार नाही. थोडं थांबा. आणि जे उत्तर येईल, त्याला हसू नका.