सुळका वाकला तेव्हा

कॉम्प्युटरला काय हवंय ते तो एका दमात कधीच सांगत नाही. यादी करून द्यावी, आपण पिशवी घेऊन जावं आणि एका फेरीत सगळं आणावं, ही साधी रीत त्याला माहीत नाही. एक वस्तू नाही म्हणून अडून बसायचं आणि ती आणून दिली की दुसरी मागायची. दाजींच्या त्या जुन्या यंत्रासमोर मी तीन दिवस असे हेलपाटे घातले. चौथ्या दिवशी मी जे केलं, ते सांगायला अजून जीभ रेटत नाही.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. मातीची भांडी घडवायचे. विजेची भट्टी चालवण्यासाठी प्रोग्रॅमसुद्धा त्यांनी स्वतःच शिकून लिहिला होता. भट्टीत तापमान मोजायची तार, तारेचं टोक एका कार्डात आणि ते कार्ड वीस वर्षांपूर्वीच्या कॉम्प्युटरात. नव्या कॉम्प्युटरात ते बसतच नाही. दाजी गेल्या वर्षी गेले आणि त्यांच्यामागोमाग कॉम्प्युटरची डिस्कही गेली. मागे राहिल्या एका सीडीवरच्या प्रोग्रॅमच्या मूळ ओळी आणि शेडमधल्या फळीवर त्यांच्या हातची शेवटची कच्ची भांडी.

भांडी तेरा होती, पण त्यातली दोन बसल्या जागी तडकली. राहिलेल्या अकरांना हात लावायचीही ताईला भीती वाटायची. शेड रविवारी रिकामी करून द्यायची होती, आणि न भाजलेलं भांडं गाडीतून न्यायचं म्हणजे घरी पोचेपर्यंत त्याचा चुरा.

"एकदा भाजून झाली की कुठेही नेता येतील," ती फोनवर म्हणाली. "तू येशील का रे शहाण्या?"

लहानपणापासून ती मला शहाण्याच म्हणते. कौतुकानं की टोमण्यानं, हे मी कधी विचारलं नाही. कौतुकानं असं धरून चाललो होतो.

मी चार दिवसांची रजा टाकून गेलो. कुठूनतरी त्याच वयाची एक डिस्क मिळवली, ती बसवली आणि मूळ ओळींवरून प्रोग्रॅम नव्यानं बनवायला, म्हणजे कंपाइल करायला घेतला. त्याला इतरांनी लिहिलेले तयार भाग लागतात, लायब्रऱ्या म्हणतात त्यांना. पहिलीच सापडेना. नवी आणून दिली तर म्हणे फार नवी आहे, जुनी हवी. जुनी आणली तर तिला आणखी दोन हव्यात. त्या दोघींपैकी एकीला पुन्हा पहिलीच हवी. मारुतीचं शेपूट परवडलं. त्या कॉम्प्युटरला इंटरनेट नव्हतं आणि पेनड्राइव्हची ओळखही नव्हती. मग लॅपटॉपवर शोधायचं, सीडीवर उतरवायचं, ती घालायची आणि नवा नकार वाचायचा. जिथून या गोष्टी मिळायच्या त्यातली निम्मी ठिकाणं बंद पडली होती.

ताई स्टुलावर बसून भांड्यांवरची धूळ कोरड्या ब्रशनं झटकायची. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं, "यांची वही बघायचीय का? खिळ्याला टांगलीय, भट्टीशेजारी."

"वहीत काय असणार? प्रोग्रॅम समोर आहे ना. त्यात सगळं असतं."

"बरं बाबा," ती म्हणाली.

चौथ्या दिवशी दुपारी एकच लायब्ररी उरली. तिचं नाव होतं 'बाहेर'. जगात कुठेही सापडेना, आणि सापडणार कशी? ती दाजींनीच लिहिली होती आणि मेलेल्या डिस्कबरोबर गेली होती. प्रोग्रॅम तिला एकच विचारत होता, बाहेरचं तापमान किती. मला वाटलं, स्क्रीनच्या कोपऱ्यात शेडमधली हवा दाखवायची दाजींना हौस असेल. हजार अंशांच्या भट्टीला बाहेर ऊन आहे की सावली, याचं काय पडलंय? माझे तर नाकी नऊ आले होते. मी 'बाहेर' नावाची एक पोकळ फाइल बनवली. कोणी काहीही विचारलं तरी तिनं शून्य म्हणायचं. आमच्या धंद्यात वेळ मारून नेण्याची ही जुनी युक्ती आहे. नंतर नीट करू असं म्हणून सगळे करतात आणि ते नंतर कधी येत नाही.

प्रोग्रॅम तयार झाला. एकही चूक नाही. मी टाळीच वाजवली.

ताई वाकून स्क्रीन बघत होती. "थंड भट्टी शून्य दाखवतेय?"

"शून्यापासूनच सुरुवात होणार ना ताई."

शून्य म्हणजे बर्फ. त्या शेडमध्ये आम्ही दोघं घामानं निथळत होतो. हे मला त्या वेळी दिसलं नाही, कारण मला रडायच्या बेतात आलेली बहीण दिसत होती आणि मी तिला हसवणार होतो.

दुसऱ्या दिवशी, शनिवारी पहाटेच तिनं अकरा भांडी भट्टीत रचली. एका बरणीच्या कडेवर दाजींच्या अंगठ्याचा ठसा तसाच होता. ती तिनं मधोमध ठेवली. दारातल्या भोकातून दिसेल असा एक सुळका पुढे उभा केला. हा सुळका बोटभर मातीचा असतो, आणि भांडी पिकायचं तापमान आलं की तो वाकतो. कॉम्प्युटर असतानाही दाजी दर वेळी एक ठेवायचेच.

तीनच्या सुमारास ताई काळा चष्मा लावून भोकातून बघत होती. "सुळका वाकतोय."

मी स्क्रीनवर बघितलं. "अजून पंचेचाळीस अंश बाकी आहेत."

"चांगलाच वाकलाय रे."

"सुळके किती जुने आहेत? वर्षभर डब्यात पडलेत, ओल धरली असेल. स्क्रीनवर बघ ना, आकडा आहे समोर."

ती चष्मा काढून माझ्याकडे बघत राहिली. तिचा हात खटक्याच्या जवळ होता. "बंद करू का?"

"करू नकोस. अर्धवट राहतील. माझ्यावर भरवसा आहे ना?"

तिनं हात खाली घेतला. पाऊण तासानं आकडा ठरल्या जागी पोचल्यावर कॉम्प्युटरनं भट्टी शहाण्यासारखी बंद केली.

भट्टी निवायला रविवारची दुपार उजाडली. बाहेर सामान न्यायला टेम्पो येऊन थांबला होता. ताई हातमोजे घालत होती. मी उगाच इकडेतिकडे करत होतो, म्हणून खिळ्यावरची वही काढून चाळली. पहिल्याच पानावर दाजींच्या टपोऱ्या अक्षरात लिहिलं होतं, 'तार फक्त आतल्या आणि बाहेरच्या तापमानातला फरक सांगते. त्यात बाहेरचं मिळवल्याशिवाय आकडा खरा नाही. भट्टीमागे पंचेचाळीसपर्यंत जातं.' खाली दोन रेघा मारल्या होत्या. काखेत कळसा आणि गावाला वळसा. मी ताईला हाक मारणार, तेवढ्यात तिनं दार उघडलं.

भांडी बसली होती. थकलेला माणूस जागच्या जागी खाली बसतो, तशी. पेले एकमेकांत कलंडून चिकटलेले, बरणी पोटातून खचलेली आणि तिची कड आत दुमडलेली. अंगठ्याचा ठसा कुठे होता ते शोधावं लागत होतं आणि मला शोधवेना.

ताईनं बरणीवरून हात फिरवला. मग म्हणाली, "जुनं यंत्र. दमलं असेल. तू तरी काय करणार?"

झाकली मूठ सव्वा लाखाची. ती मूठ तिनंच झाकून माझ्या हातात दिली होती. यंत्र भंगारात जाणार होतं, शेड दुसऱ्याची होणार होती आणि कोणाला काही कळणार नव्हतं. मला ते घ्यावंसं वाटलं. खोटं कशाला बोलू, फार वाटलं.

"यंत्र नाही ताई," मी म्हणालो. "एक भाग मिळत नव्हता. मी त्याच्या जागी खोटा बसवला आणि तुला सांगितलं नाही. भट्टी पंचेचाळीस अंश पुढे होती. सुळका बरोबर होता." मी वही पुढे केली.

तिनं ती घेतली नाही. आत काय लिहिलंय ते तिला पाठ असणार. तिनं पटाशी घेतली आणि बरणीच्या बुडाशी लावली. बरणी भट्टीतल्या फरशीला चिकटली होती.

"फरशी धर," ती म्हणाली.

मी धरली. तिनं दोन-तीन हलके ठोके मारले. बाहेर टेम्पोवाल्यानं हॉर्न वाजवला.

"वीस वर्षं त्या भोकातून बघतेय मी," ती खालमानेनं म्हणाली. "सुळका वाकला तेव्हाच कळलं होतं मला. हे असते तर त्यांनी स्क्रीनकडे बघितलंही नसतं, खटका पाडला असता. मी तुला विचारत बसले."